यजूझ

बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत,
शिंपी आणि घड्याळजी यांच्या मधोमध
आमचं टायपिंगचं दुकान. तीन खुर्च्या, एक एसी, एसीखाली बादली.
व्हिसा, भाडेपट्टे, तलाक, मालकाविरुद्धच्या तक्रारी,
काय काय माझ्या बोटांखालून जातं.
गेल्या रमजानपासून, सुटे कागद येतील तसा,
एक कायदाही.

वकिलाचा पोऱ्या टेबलावर टाकतो:
"इंग्रजी करून ठेव परकार, कंपन्या विचारतायत."
आरोग्यविम्याचा. कलमं त्रेसष्ट.

धाकू पावसे दर शुक्रवारी दोन करक घेऊन येतो.
हर्णैचा खारवी, इथे हिद्दच्या गोदीत वेल्डर.
खोकला आला की त्याचा हात आपसूक जांघेशी जातो,
अंतर्गळ आत दाबून धरतो, मग खोकतो.
"काय, लागला बंदराला तुझा कायदा?"

मी सांगतो. मंत्रालयातून निघाला. खालच्या सभागृहात
पहिल्या दिवशी नुसता मांडला, समितीकडे दिला.
समितीने विमा कंपन्यांना बोलावलं, दवाखान्यांना, ठेकेदारांना.
"आणि वेल्डरांना?"
करक निवत जातो.
"समितीत किती दिवस?" अकरा आठवडे.
"एवढे दिवस उभ्या होडीला कालवं धरतात, परकार."

समितीतून परतला तेव्हा एकोणिसावं कलम मी दोनदा वाचलं.
आधी होतं: शस्त्रक्रियेचा खर्च मालकाने करावाच. यजिब.
आता: करता येईल. यजूझ.
एक बे गेला, वाव आणि झे येऊन बसले.
बाणकोटच्या मदरशात छडी खाऊन शिकलेली ही अक्षरं.
तिथे कुणी बोललं नव्हतं
की एवढ्यानं कुणाचं पोट उघडं पडतं.

धाकूला मराठीत सांगितलं. तो बराच वेळ
'करावाच' आणि 'करता येईल' तोंडात घोळवत बसला,
जीभ काटा शोधते तसा.
म्हणाला, "येईल म्हणजे येत नाही.
आमच्या फोरमनची बोली आहे ही."

वरच्या सभागृहात एक बाई उठल्या,
चाळीस वर्षं परिचारिका होत्या म्हणे.
इतिवृत्तात त्यांच्या वाट्याला साडेतीन ओळी:
माझे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारत.
कानांतून रक्त आलं की नाखुदाला (आपला नाखवाच तो)
औषधाला पैसे देता येत होते.
यजूझच होतं तेव्हाही. त्याने दिले नाहीत.

तेवीस विरुद्ध पंधरा. बे परत आला.
मग पुन्हा खाली, पुन्हा मतं, मग वरची सही,
मग गुरुवारचं राजपत्र.
धाकूने अंक उलटा धरून पाहिला, सुलटा केला,
शर्टाला हात पुसून परत दिला.
त्रेसष्टावं कलम मी त्याला हळू वाचून दाखवलं:
प्रसिद्धीपासून सहा महिन्यांनी लागू.

पाचव्या महिन्यात त्याचं आतडं पिळलं.
रात्रपाळी, जहाजाच्या टाकीत, अंगावर चामडी कोट.
वाचला. बिल सातशे चाळीस दिनार.
खिडकीतल्या कारकुनाने तारखेवर बोट ठेवलं,
एकवीस दिवस मोजून दाखवले.
वाईट माणूस नव्हता, पाणी विचारलं त्याने.

काल नियमावली आली टायपिंगला. अठ्ठेचाळीस पानं.
अगदी तळाशी, संक्रमणकाळाच्या तरतुदींत:
कायद्याआधीच्या प्रकरणांतही, अर्ज आल्यास,
मंत्र्यांना खर्च मंजूर
आणि पुढे तोच. यजूझ.

वर्षभर ज्याच्या नावाने मी बोटं मोडली
तो दाराच्या फटीत पाय घालून उभा.

बादली भरली होती. ओतून आलो.
मग कोरा कागद लावला. विषय, दिनांक, अर्जदार.
अरबीत 'प' नाही. बावसे लिहावं लागतं.
लिहिलं, आणि पासपोर्ट काढून अक्षर-अक्षर ताडून पाहिलं.
माझंही आडनाव इथे सोळा वर्षं
बारकारच आहे.